छापायच्या शर्टासाठी कापड कसे निवडाल?



पेरणी करण्याआधी आपण जमीन पाहतो. काळी की मुरमाड, निचऱ्याची की पाणी धरून ठेवणारी, हे पाहूनच पीक ठरवतो. मुरमाड माळावर ऊस लावून मग पावसाला बोल लावणारा शेतकरी शहाणा म्हणवत नाही. शर्टावर अक्षरे आणि चित्रे छापण्याच्या धंद्याचेही असेच आहे. रंग हे बियाणे आणि कापड ही जमीन. जमीन न पाहता टाकलेले बियाणे उगवले तरी टिकत नाही.

हा विषय शेतीच्या पानावर कशाला, असे कोणी विचारील. कारण सरळ आहे. गावोगावच्या महिला बचत गटांनी आणि शिकलेल्या मुलांनी हा जोडधंदा हाती घेतला आहे. गणेश मंडळ, कबड्डीचा संघ, शाळेचे स्नेहसंमेलन, दिंडी, शेतकरी उत्पादक कंपनीचा मेळावा, अशा प्रत्येक ठिकाणी हल्ली नाव छापलेले शर्ट लागतात. धंद्याला भांडवल थोडे पुरते. एक चौकट, तिच्यावर ताणून बसवलेली बारीक जाळी, रंग ओढायची रबरी पट्टी, एक सपाट टेबल, रंगाचे डबे आणि रंग तापवून पक्का करण्याचे साधन. घरातील एक खोली पुरते. निंदणी-खुरपणीतून सवड मिळाली की हे काम करता येते. बहुतेक ठिकाणी छपाईचे शिक्षण दोन-चार दिवसांत मिळते, कापडाची पारख मात्र कोणी शिकवत नाही आणि नुकसान नेमके तेथेच होते.

आमच्या भागातील एका महिला गटाची हकीकत सांगतो. एका क्रीडा मंडळाने त्यांना दीडशे लाल शर्टांचे काम दिले. शर्ट चकचकीत, हलके आणि भावाने स्वस्त मिळाले. त्यावर पांढरी अक्षरे छापली, रंग तापवून पक्का केला, घड्या घालून गठ्ठे बांधले. छपाई पाहून सगळ्या जणी खूश झाल्या. तिसऱ्या दिवशी गठ्ठे उघडले तर पांढरी अक्षरे गुलाबी झालेली! मंडळाने माल परत केला. गटाने साठवलेल्या पैशांतून दुसरे शर्ट आणून काम पुरे करून दिले, पण त्या हंगामाची कमाई गेली ती गेलीच. त्या भगिनींच्या हातात कसब होते, रंगही चांगला होता. फक्त कापड त्या रंगाचे नव्हते. असे का झाले, ते पुढे पाहू.

रंग कापडावर कसा बसतो?

चौकटीच्या जाळीवर एक लेप देतात. जेथे चित्र हवे तेथील छिद्रे मोकळी राहतात, बाकीची बुजतात. रबरी पट्टीने रंग ओढला की तो मोकळ्या छिद्रांतून खालच्या कापडावर उतरतो. येथपर्यंत सर्व छपाई सारखी. फरक आहे तो रंगाच्या जातीत. मुख्य जाती दोन.

पहिली पाण्याच्या रंगाची. हा रंग कापडाच्या धाग्यात थोडा मुरतो आणि बाइंडर नावाचा चिकट पदार्थ त्याला धाग्याशी धरून ठेवतो. हात फिरवला तर छपाई फारशी लागत नाही. गडद कापडावर छापण्यासाठी जो जाड पांढरा रंग मिळतो आणि ज्याला बाजारात ‘खादी’ म्हणतात, तोही याच कुळातला. खादीच्या कापडाशी त्याचा काही संबंध नाही, हे दुकानात लक्षात ठेवा.

दुसरी जात प्लॅस्टिसॉलची. यात प्लॅस्टिकची पूड पातळ तेलकट द्रवात कालवलेली असते. हा रंग हवेवर वाळत नाही, चौकटीत तासन् तास ओलाच राहतो, म्हणून काम करायला सोपा. मात्र त्याला साधारण १६०° सेल्सिअसपर्यंत तापवल्याशिवाय तो पक्का होत नाही. तो धाग्यात मुरत नाही. धाग्यांना वरून घट्ट कवटाळून बसतो.

तेव्हा कापडाकडून आपल्याला तीन गोष्टी हव्यात. रंग धरण्याची ताकद, उष्णता सोसण्याची ताकद आणि धुतल्यावर आकार न सोडण्याची ताकद. या तीन कसोट्यांवर एकेक कापड घासून पाहू.

सुती, पॉलिएस्टर आणि मिश्रण

सुती कापडाला पहिला मान. कापसाचा तंतू पाणी पिणारा आहे. साध्या हवेतही तो आपल्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओल धरून असतो. म्हणून पाण्याचा रंग त्यात चांगला मुरतो. उष्णताही तो बऱ्यापैकी सोसतो, फार तापवला तर पिवळा पडतो इतकेच. नवशिक्याने पहिली दोन-तीन वर्षे शंभर टक्के सुती कापडावरच हात बसवावा.

पॉलिएस्टर हा कारखान्यात तयार होणारा तंतू. तो हवेतील ओल अर्धा टक्काही धरत नाही. त्यामुळे पाण्याचा साधा रंग त्यावर नीट बसत नाही आणि धुण्यात सुटतो. प्लॅस्टिसॉल बसतो, पण तेथे दुसरे संकट आहे. पॉलिएस्टर ज्या रंगांनी रंगवतात ते रंग जास्त उष्णतेत वाफ होऊन धाग्यातून बाहेर पडतात. वर पांढरी छपाई असेल तर ती हा रंग शोषून घेते. लाल, मरून आणि गडद निळ्या कापडात हे जास्त आढळते. छपाईच्या दिवशी काही दिसत नाही. एक-दोन दिवसांत, विशेषतः गरम शर्ट एकावर एक रचून ठेवले की, पांढऱ्याचे गुलाबी होते. वर सांगितलेल्या गटाचे झाले ते हेच.

याचा अर्थ पॉलिएस्टर वाईट असा नाही. खेळाडूला ते हलके, लवकर वाळणारे आणि न चुरगळणारे म्हणून आवडते. पण त्याला त्याचाच रंग हवा. पॉलिएस्टरसाठी कमी उष्णतेत पक्के होणारे आणि खालचा रंग वर येऊ न देणारे रंग मिळतात, ते मागून घ्यावेत. पांढऱ्या किंवा फिक्या पॉलिएस्टरवर कागदावर छापलेले चित्र उष्णतेच्या यंत्राने उतरवण्याची निराळी पद्धत आहे. त्यात रंग धाग्यातच जाऊन बसतो. खेळाच्या पोशाखाची कामे जास्त येत असतील तर ती पद्धत शिकून घ्यावी.

मिश्र कापड या दोहोंच्या मधले. आपल्याकडे टेरिकॉट या नावाने ते घरोघर माहीत आहे. शाळेच्या गणवेशाला ते टिकाऊ पडते. छपाईच्या दृष्टीने नियम एकच: पॉलिएस्टरचा वाटा जितका जास्त, तितकी गडद कापडावर रंग चढण्याची भीती जास्त. फिक्या रंगाच्या मिश्र कापडावर गडद छपाई करायला हरकत नाही.

चौथे एक कापड हल्ली फार येते, ते व्हिस्कोजचे किंवा रेयॉनचे. ते लाकडाच्या लगद्यापासून करतात. अंगाला मऊ, दिसायला झुळझुळीत, रंगही छान पितो. पण ओले झाले की त्याची ताकद बरीच घटते आणि धुण्यात ते आकार सोडते. रोज शेतात घालून दगडावर आपटायच्या शर्टाला ते कामाचे नाही.

घरच्या घरी पारख

दुकानदार म्हणतो ‘शंभर टक्के सुती’ आणि आपण मान डोलावतो. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, असा प्रकार कापडातही असतो. पुढील तीन परीक्षा कोणालाही करता येतील.

जाळून पाहण्याची परीक्षा: शर्टाच्या आतल्या शिवणीतून चार-सहा धागे काढा. शिवणकामाचा दोरा नव्हे, कापडाचा धागा घ्या. चिमट्यात धरून काडी लावा. सुती धागा कागदासारखा भुरभुर जळतो, जळक्या कागदासारखा वास येतो आणि मऊ करडी राख राहते. पॉलिएस्टर ज्योतीपासून आक्रसतो, वितळतो आणि त्याचा काळा, टणक मणी होतो. मिश्र धागा जळतोही आणि मागे टोचणारा कडक अवशेषही ठेवतो. ही परीक्षा मोकळ्या जागी, जवळ पाणी ठेवून करा. मुलांच्या हाती देऊ नका. वितळलेला थेंब कातडीला चिकटून भाजतो.

ओल्या धाग्याची परीक्षा: व्हिस्कोजही सुतासारखेच जळते, म्हणून ही दुसरी परीक्षा. वीतभर धागा घ्या, त्याचा मधला भाग जिभेने किंवा पाण्याने ओला करा आणि दोन्ही टोके ओढा. ओल्या जागीच सहज तुटला तर व्हिस्कोजचा संशय घ्या. सूत ओले झाल्यावर उलट बळकट होते, ते बहुधा कोरड्या जागी तुटेल.

थेंबाची परीक्षा: कापड सपाट ठेवून त्यावर पाण्याचा एक थेंब सोडा. थेंब लगेच पसरून मुरला तर कापड रंग पिण्यास तयार आहे. आळवाच्या पानावरच्या पाण्यासारखा तो गोल राहिला तर दोन शक्यता. एक तर कापड पॉलिएस्टरचे आहे, किंवा सुती असूनही त्यावर खळ, मेण अथवा मऊपणासाठी लावलेला पदार्थ आहे. असा थर राहिला तर रंग कापडाला चिकटतच नाही, त्या थराला चिकटतो आणि पहिल्या दोन धुण्यांत थरासकट निघून जातो.

खळीचे कापड

पिशव्या, झोळ्या, कार्यकर्त्यांचे साधे सदरे यांसाठी पुष्कळ जण कोरे मांजरपाट घेतात. विणताना ताण सोसावा म्हणून उभ्या धाग्यांना खळ लावलेली असते. शिवाय कापसाचे नैसर्गिक मेण आणि सरकीच्या टरफलाचे बारीक काळे ठिपके त्यात असतात. असे कापड तसेच छापू नये. खळ पिठाची आहे की नाही हे पाहायचे तर घरातल्या जखमेवर लावायच्या आयोडिनचा थेंब टाका. निळसर काळा डाग पडला की पिठाची खळ आहे असे समजा. हे कापड रात्रभर कोमट पाण्यात भिजवून, दुसऱ्या दिवशी धुण्याचा सोडा व साबण घालून उकळावे, स्वच्छ खंगाळून वाळवावे आणि इस्त्री करून मगच छापावे. थोडी मेहनत पडते, पण मग मांजरपाटासारखे रंग धरणारे दुसरे कापड नाही.

तयार टी-शर्ट फार मऊ, निसरडे लागत असतील तर एक शर्ट साध्या साबणाने धुऊन पुन्हा थेंबाची परीक्षा करा. धुतल्यावर थेंब मुरला तर सगळेच शर्ट धुऊन घेण्याचा खर्च हिशेबात धरा, नाही तर तो माल सोडून द्या.

वजन आणि सुताचा नंबर

टी-शर्ट घ्यायला गेलात की ‘जीएसएम’ हा शब्द ऐकाल. एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद कापडाचे ग्रॅममध्ये वजन, एवढाच त्याचा अर्थ. १४० ते १६० चे कापड हलके. उन्हाळ्याला बरे, पण गडद छपाई मागून दिसते आणि रंगाचा जाड थर दिला तर कापड आखडते. १८० च्या आसपासचे कापड छपाईला उत्तम. २०० च्या पुढचे जाड, थंडीसाठी किंवा कॉलरच्या शर्टासाठी.

दुकानदाराच्या शब्दावर विसंबू नका. खराब शर्टातून किंवा नमुन्यातून १० सेंटिमीटर लांब आणि तेवढाच रुंद चौकोनी तुकडा कापा व गावातील सोनाराच्या काट्यावर तोला. जितके ग्रॅम भरतील त्याला शंभराने गुणा. तुकडा १.८ ग्रॅम भरला तर कापड १८० चे. १.५ भरला आणि पैसे १८० चे मागितले, तर उठून या.

दुसरा शब्द सुताच्या नंबराचा. ३० नंबरचे सूत म्हणजे एका पौंडात, म्हणजे ४५४ ग्रॅममध्ये, ८४० वारांच्या ३० लडी. गुणाकार केला तर २५,२०० वार, सुमारे २३ किलोमीटर धागा होतो. नंबर वाढला की धागा बारीक होतो. ‘कोंब्ड’ म्हणजे विंचरलेले सूत. त्यातील आखूड तंतू आणि गुठळ्या काढून टाकलेल्या असतात, म्हणून कापडाची पाठ गुळगुळीत असते. ‘कार्डेड’ सूत त्यापेक्षा स्वस्त व थोडे केसाळ. मोठ्या अक्षरांना कार्डेड चालते, पण बारीक रेषांच्या चित्राला विंचरलेल्या सुताचेच कापड घ्यावे. ‘बायोवॉश’ असा शब्द लावलेल्या कापडावरचे बारीक केस विकराच्या साहाय्याने काढलेले असतात. असे कापड छपाईला चांगले. केसाळ कापडावर आज छपाई सुंदर दिसते आणि चार धुण्यांनंतर रंगातून पांढरे केस डोके वर काढतात.

वीण कोणती?

सदऱ्याचे कापड उभ्या-आडव्या धाग्यांनी विणलेले असते. ते ताणत नाही, म्हणून बारीक छपाई त्यावर नेमकी उठते. पॉपलीन आणि केंब्रिक यांची पाठ सपाट असते. ही दोन्ही छपाईला चांगली.

टी-शर्टचे होजिअरी कापड मात्र टाक्यात टाका गुंतवून केलेले असते. ते सगळीकडे ताणते. साधी एकेरी वीण, म्हणजे सिंगल जर्सी, छपाईला योग्य. कॉलरच्या शर्टाला जी खड्ड्याखड्ड्यांची वीण असते, बाजारात जिला मॅटी म्हणतात, तिच्यावर बारीक अक्षरे तुटतात. तेथे छातीवर ठसठशीत लहान चिन्ह छापावे, पाठभर चित्र घेऊ नये. उभ्या रेघांची रिब वीण अंगात घातली की फाकते आणि छपाईला तडे जातात. ती टाळावी.

टेबलावर शर्ट बसवताना ओढून ताणू नका. ताणलेल्या कापडावर छापलेले वर्तुळ शर्ट सोडल्यावर लंबगोल होते.

आटणारे कापड

सुती होजिअरी पहिल्या धुण्यात आटते. ठोक माल घेण्यापूर्वी एका शर्टावर पेनाने २५ सेंटिमीटरच्या दोन रेघा, एक उभी व एक आडवी, आखा. शर्ट धुऊन सावलीत सपाट वाळवा आणि पुन्हा मोजा. २५ ची रेघ २३.५ झाली तर दीड सेंटिमीटर, म्हणजे ६ टक्के आटली. इतके आटणारे कापड छपाईनंतर आटले तर कापड गोळा होते पण रंगाचा थर होत नाही, आणि छपाईभोवती सुरकुत्या पडतात. शिवाय ‘चाळीस’ म्हणून घेतलेला शर्ट ‘अडतीस’ होतो आणि गिऱ्हाईक भांडायला येते ते वेगळेच. आटवून तयार केलेले कापड मिळते. दोन रुपये जास्त पडले तरी तेच घ्यावे.

त्याच शर्टावर आणखी एक काम करा. ओला पांढरा फडका घेऊन कापडावर दहा-बारा वेळा घासा. फडक्यावर रंग उतरला तर कापडाचा रंग कच्चा आहे. त्यावर पांढरी किंवा पिवळी छपाई स्वच्छ राहणार नाही.

शर्टाची सुरुवात आपल्याच शेतात

कापूस पिकवणाऱ्या कुटुंबांना येथे एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. तुम्ही एक क्विंटल कापूस विकता तेव्हा त्यातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते. सूतकताई, विणकाम आणि कापणी यांत वाया जाणारे सोडले तरी ढोबळ मानाने त्यातून शंभराच्या आसपास टी-शर्ट होऊ शकतात. त्या शंभर शर्टांची प्रत तुमच्या वेचणीवर अवलंबून असते.

बोंडअळीने पोखरलेल्या बोंडातील किंवा अवेळी फुटलेल्या बोंडातील कवडी कापूस अपक्व असतो. त्याच्या तंतूची भिंत पातळ राहते. तो रंग नीट पीत नाही. असा कापूस चांगल्यात मिसळला की रंगवलेल्या कापडावर फिके ठिपके उठतात. वेचणीत गुंतलेले डोक्याचे केस आणि खताच्या प्लॅस्टिक पोत्याचे तंतू यांचे तर विचारूच नका. प्लॅस्टिकचा तंतू सुताबरोबर कातला जातो, विणला जातो, पण रंग घेत नाही, आणि गडद शर्टावर पांढऱ्या रेघेसारखा उठून दिसतो. छपाई करणारी भगिनी तो शर्ट बाजूला टाकते. नुकसान तिचे होते आणि पुढे त्या भागातील कापसाचे नावही खराब होते.

म्हणून वेचणी दव वाळल्यावर करावी. डोक्याला सुती फडके बांधावे. कापूस प्लॅस्टिकच्या नव्हे, सुती कापडाच्या झोळीत वेचावा. कवडी वेगळी ठेवावी. पहिल्या वेचणीचा चांगला माल शेवटच्या वेचणीत मिसळू नये. मुंबईत माटुंगा येथे १९२४ सालापासून कापसाच्या तंतूची तपासणी व संशोधन करणारी संस्था आहे. आज ती ‘सिरकॉट’ या नावाने ओळखली जाते. तंतूची लांबी, ताकद, बारीकपणा, पक्वता हे गुण ती मोजते. या मोजमापात ज्या कापसाचे गुण चांगले, त्याचेच सूत चांगले आणि त्या सुताचेच कापड छपाईला चांगले. कापूस पिकवणारी आणि शर्ट छापणारी, दोन्ही घरे आपलीच आहेत.

थोडा हिशेब

समजा, एक शर्ट १२० रुपयांना पडला, छपाईचा खर्च २० रुपये आला, एकूण १४०. तो १६५ ला विकला तर सुटतात २५ रुपये. आता एक शर्ट बिघडला तर १४० रुपये गेले. ते भरून काढायला जवळजवळ सहा चांगले शर्ट विकावे लागतात. म्हणजे शंभरात पंधरा शर्ट बिघडले तर नफा जवळजवळ संपलाच. अशा वेळी शर्टामागे पाच रुपये वाचवण्यासाठी हलके कापड घेणे ही काटकसर नव्हे. तुमचे भाव निराळे असतील. आपले आकडे मांडून हा हिशेब गटाच्या वहीत एकदा करून पाहा.

खरेदी करताना पक्की पावती घ्या. तिच्यावर कापडाचा प्रकार, सुती-पॉलिएस्टरचे प्रमाण आणि जीएसएम लिहून घ्या. एका कामाचे सर्व शर्ट एकाच लॉटचे मागा. दोन लॉटचा निळा कधी सारखा नसतो, आणि मंडळाची पोरे एका रांगेत उभी राहिली की तो फरक लांबून दिसतो. टी-शर्टसाठी तमिळनाडूतील तिरुपूर हे देशातील मोठे केंद्र आहे, आणि विणलेल्या कापडासाठी आपल्या राज्यात इचलकरंजी, मालेगाव व भिवंडी आहेत. लहान गटाने एकट्याने तेथे धावण्यापेक्षा तालुक्यातील चार गटांनी मिळून माल मागवावा. भाव कमी पडतो आणि नमुना मागण्याचा अधिकारही वाढतो.

आधी तीन, मग तीनशे

कितीही घाईचे काम असो, तीन शर्ट आधी छापल्याशिवाय ठोक छपाईला हात लावू नका. पहिला शर्ट नीट पक्का करून एक दिवस ठेवा आणि मग घरी नेहमी धुता तसाच पाच वेळा धुवा. दुसऱ्याची छपाई दोन्ही हातांनी हलके ताणून पाहा. प्लॅस्टिसॉलला तडे गेले तर तो पुरता तापलेला नाही. तिसरा घडी करून, वर वजन ठेवून तीन-चार दिवस तसाच राहू द्या. रंग चढायचा असेल तर येथेच कळेल. या तीन शर्टांचा खर्च म्हणजे पेरणीआधीची उगवणशक्ती तपासणी आहे. शंभर दाणे गोणपाटात ठेवून आपण बियाणे तपासतो, त्यात कोणाला दाणे वाया गेले असे वाटत नाही.

कोणत्या कामाला कोणते कापड, ते थोडक्यात असे. मंडळे व मेळाव्यांसाठी १८० च्या आसपासची सुती सिंगल जर्सी. शाळेच्या लहान मुलांसाठी सुती कापड व पाण्याचा रंग. प्लॅस्टिसॉलचा मोठा जाड ठोकळा मुलांच्या छातीवर घाम धरतो. तान्ह्या बाळांच्या कपड्यांवर तर तो नकोच. खेळाडूंसाठी पॉलिएस्टर, पण त्याच्याच रंगाने. शेतात, गोठ्यात घालायच्या शर्टासाठी जाडसर सुती, गडद रंगाचा. पिशव्या व झोळ्यांसाठी खळ काढलेले मांजरपाट.

जाळीही कापड पाहून घ्यावी. गडद शर्टावर पांढरा रंग भरघोस उतरायला हवा, तेथे ४३ नंबरसारखी मोकळी जाळी. फिक्या कापडावर बारीक रेषा हव्यात, तेथे ७७ नंबरची दाट. हा नंबर म्हणजे एका सेंटिमीटरमधील धाग्यांची संख्या.

आणखी एक विनंती. खोलीत वारा खेळता ठेवा आणि चौकटी धुतलेले रंगाचे पाणी विहिरीच्या किंवा गुरांच्या हौदाच्या बाजूला सोडू नका.

या धंद्याच्या शिक्षणासाठी व कर्जासाठी आपल्या जिल्हा उद्योग केंद्रात चौकशी करावी. महिला गटांनी १९७५ साली स्थापन झालेल्या महिला आर्थिक विकास महामंडळाच्या, म्हणजे ‘माविम’च्या, किंवा ‘उमेद’ अभियानाच्या तालुक्यातील कार्यकर्तीला भेटावे. जाताना कापडाचे नमुने आणि तीन शर्टांच्या परीक्षेची नोंद बरोबर न्यावी. बोलणाऱ्यापेक्षा करून दाखवणाऱ्याचा अर्ज लवकर पुढे सरकतो.

येत्या आठवडी बाजाराला जाल तेव्हा कापडाच्या दुकानात पाच मिनिटे थांबा. कापड उन्हात धरून वीण पाहा, उलट बाजूने हात फिरवा, कोपऱ्यावर पाण्याचा थेंब सोडा. पहिल्यांदा दुकानदार हसेल. दुसऱ्यांदा तो आपण होऊन चांगला तागा खाली काढील.